बारदान्याच्या खोलीतलं लाँचिंग

आमचे सर आयुष्यात काहीही सुरू करत नसत. ते लाँच करत. ऑफिसात नवा पंखा आला तेव्हा त्यांनी तोही लाँच केला होता. पंख्याला झेंडूचा हार घातला, बटण दाबायला खालून मिलच्या दिवाणजींना बोलावलं आणि स्वतः हात जोडून पंख्याखाली उभे राहिले. दिवाणजींनी बटण दाबलं, हार तुटला आणि अख्ख्या खोलीभर झेंडू उडाला. सरांच्या डोक्यावर, चष्म्यावर पाकळ्या. ते तसेच उभे राहून म्हणाले, "बघितलंस? याला म्हणतात इम्पॅक्ट."

तिथे मी नोकरीला होते. लाखनीत हायवेला लागून सरांच्या सासऱ्यांची राइस मिल आहे आणि तिच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली. पूर्वी त्या खोलीत बारदाना, म्हणजे रिकाम्या गोण्यांचे गठ्ठे, ठेवायचे. पुण्यातली नोकरी सुटल्यावर सर बायकोमुलांसह इकडे आले आणि सासऱ्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघून ती खोली त्यांना दिली. सरांनी तिला निळा रंग मारला, दारावर 'कॉर्पोरेट ऑफिस' अशी पाटी लावली आणि धंदा मांडला. व्यावसायिकांच्या नोकरमाणसांना मोबाइलवरून प्रशिक्षण द्यायचं, असा तो धंदा. निळ्या रंगाखालून तागाचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. एखादा पाहुणा नाक ओढू लागला की सर म्हणत, "ऑरगॅनिक ॲम्बियन्स."

ऑफिसात माणसं दोन. ते आणि मी. ते सीईओ. मी रुजू झाले तेव्हा 'कंटेंट एक्झिक्युटिव्ह' होते. दिवाळीला पगारवाढ मागितली तर 'कंटेंट हेड' झाले. होळीला पुन्हा मागितली तर 'व्हाइस प्रेसिडेंट'. तिसऱ्यांदा मागायची मला भीतीच वाटली, कारण मग सरांना बसायला पदच उरलं नसतं.

प्लॅटफॉर्म आमचा नव्हता. पुण्याच्या एका कंपनीकडून तो भाड्याने घेतलेला. त्याची रचना सर एसटी स्टँडवरून समजावून सांगत. "स्टँड एकच. पण तुमसर गाडीचा फलाट वेगळा, साकोलीचा वेगळा. तसंच आपलं. प्लॅटफॉर्म सगळ्यांचा एक, पण प्रत्येक क्लायंटला आपलं दार, आपलं नाव, आपला रंग. आत गेला की त्याला वाटलं पाहिजे, हे सगळं आपल्या बापाचं आहे." हे वाक्य ते दिवसातून कितीतरी वेळा म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, ते समजावून सांगायचे फार छान. त्यांचं बोलणं ऐकून साडीचं दुकान, टायरवाला, रक्त तपासणारी लॅब, हायवेवरचा ढाबा असे सगळे 'बिझनेस क्लायंट' झाले होते. ढाब्याच्या पोरांना आम्ही 'कस्टमर डिलाइट'चा कोर्स दिला. मालकाने प्रमाणपत्रं लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावली. पोरं पहिल्यासारखीच ग्राहकाच्या पाण्यात बोटं बुडवून ग्लास आणत राहिली. फक्त आता 'वेलकम सर' म्हणून आणत.

कोर्स कसा आहे, कोणाला कळतोय का, यात सरांना काडीचा रस नव्हता. त्यांचा सगळा जीव लाँचिंगमध्ये. लॅपटॉपला लाल रिबन बांधायची, ताटात कात्री, कुंकू, अक्षता, आणि नारळ. नारळ लॅपटॉपवर फोडता येत नाही एवढं त्यांना मान्य होतं, म्हणून तो खाली दगडावर फोडायचा. टायरवाल्याच्या लाँचिंगला टायरवाल्यानेच उत्साहाने नारळ हाणला. पाणी थेट एक्सटेन्शन बोर्डात गेलं, फट् आवाज झाला आणि दुकानाचे दिवे गेले. त्या अंधारात सरांनी भाषण केलं. विषय होता, 'प्रशिक्षणाचा प्रकाश'.

लाँच झालं की सर त्या क्लायंटकडे ढुंकूनही बघत नसत. "आता ते आपोआप उडतं," म्हणत. उडवायला मी होतेच.

कोर्स बनवण्याचीही त्यांची खास पद्धत होती. नवा कोर्स लिहायचा म्हणजे वेळ जातो, म्हणून एका दारातला उचलून दुसऱ्या दारात टाकायचा आणि वरचं नाव बदलायचं. चिखला गावाच्या बाजूला खाणीचा माल वाहून नेणारा एक कंत्राटदार आहे. त्याच्या ट्रक ड्रायव्हरांसाठी कोर्स हवा होता. मी म्हटलं, आठवडा द्या. सर म्हणाले, "उद्या लाँच आहे." आणि साडीच्या दुकानाचा कोर्स त्यांनी उचलून तिकडे टाकला. त्यातल्या 'ग्राहक'च्या जागी 'रस्ता' करायला मला सांगितलं होतं, पण प्रश्नपत्रिका राहूनच गेली. परीक्षेत ड्रायव्हरांना प्रश्न आला, 'पदर दाखवताना साडी कोणत्या खांद्यावर टाकावी?' एकाही ड्रायव्हरने तक्रार केली नाही. सगळ्यांनी उत्तर दिलं आणि सगळे पास झाले. कंत्राटदार खूश. नंतर एक ड्रायव्हर मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "मॅडम, बाकी ठीक होतं जी, पन ब्रेकचं काहीच नाई आलं त्यात."

पास होण्याचं गुपितही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच घडलं. कामगारांनी कोर्स स्वतः करायचा, असं आम्ही सांगत असू. करत कोणीच नसे. सासऱ्यांच्या मिलमध्ये तर दिवाणजी एका रिकाम्या गोणीत सगळ्यांचे मोबाइल गोळा करत, आपल्या टेबलावर ओतत आणि चहा पीत पीत अंगठ्याने सगळ्यांची परीक्षा देऊन टाकत. पोळ्याला काम सोडून नागपूरला गेलेला एक गडीही असाच चांगल्या गुणांनी पास झाला होता.

हे सासऱ्यांना ठाऊक होतं. त्यांना आम्ही सगळे मालक म्हणत असू. मालक फार शिकलेले नव्हते, पण मिलमध्ये कुठल्या कोपऱ्यात किती धान सांडलं आहे ते त्यांना गादीवर बसून कळे. त्या वर्षी नवं धान यायच्या आधी ते एकदा वर आले. खुर्चीवर बसले नाहीत. भिंतींकडे बघत म्हणाले, "जवाईबापू, परीक्षा देते दिवाणजी आन् पास होते हमाल. हे कोनतं शिक्षण होय?"

सर म्हणाले, "बाबूजी, ही इनिशियल फेज आहे."

"मले फेज-बीज नाई समजत. औंदा बारदाना लय येऊन राहिला, ठेवाले जागा नाई. आपल्या इकडच्या सगळ्या मिलवाल्यायनं तुमचं हे शिक्षण घेतलं, तं खोली तुमची. नाई घेतलं, तं खोली बारदान्याची."

मालक खाली गेले आणि सरांनी दारावरची पाटी रुमालाने पुसली. खोली गेली तर सर पुन्हा नुसते जावई होणार होते. सकाळी सासऱ्याच्या घरचा चहा, दुपारी सासऱ्याच्या घरचं जेवण, आणि विचारणाऱ्याला सांगायला काहीच नाही. पुण्याला असताना त्यांना रोज 'सर' म्हणायला एक मजला भरून माणसं होती, असं ते सांगत. इथे एक मीच होते. त्या दिवशी मला त्यांची दया आली. संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी त्यांनी मला 'ग्रुप प्रेसिडेंट' केलं आणि मंगल कार्यालय बुक करायला पाठवलं.

बेत असा होता. आसपासच्या सगळ्या मिलमालकांना आणि त्यांच्या कामगारांना एकत्र बोलवायचं. दिवाणजींना मोबाइल गोळा करू द्यायचे नाहीत. प्रत्येकाने सगळ्यांसमोर, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतः परीक्षा द्यायची. आणि गुण लगेच मोठ्या पडद्यावर दिसायचे. प्लॅटफॉर्मवर त्यासाठी एक सामाईक फळा होता. आजवर तो आम्ही बंद ठेवत असू, कारण प्रत्येक क्लायंटची माणसं आपापल्या दाराआड राहावीत अशीच सगळी व्यवस्था होती. सरांनी तो उघडायला लावला.

मी म्हटलं, "सर, हे सगळे एकमेकांचे स्पर्धक आहेत. सगळ्यांची माणसं एकाच फळ्यावर कशाला?"

"हेल्दी कॉम्पिटिशन," सर म्हणाले.

कार्यालयात पुढे मालक मंडळी सोफ्यांवर, मागे गाद्यांवर कामगार. मी या वेळी कोर्स नीट लिहिला होता. बॉयलर, पट्टे, धान उकडताना घ्यायची काळजी, असं खरंच कामाचं. सरांनी रिबन कापली, परीक्षा सुरू झाली आणि पडद्यावर फळा हलायला लागला. नाव, मिलचं नाव, काम, गुण. आणि सगळ्यात शेवटी मोबाइल नंबर, कारण प्रत्येकाचा नंबर हीच त्याची प्लॅटफॉर्मवरची ओळख होती.

पहिला आला मालकांचा बॉयलरवाला, देवाजी. वयाने पन्नाशीचा, अबोल माणूस. आपलं नाव एवढं मोठं लिहिलेलं त्याने आजवर पाहिलं नसावं. तो उभा राहिला, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याने पडदा पुन्हा वाचला आणि मग लाजून खाली बसला.

इकडे पुढच्या सोफ्यांवर खळबळ. सगळे मिलमालक उठून पडद्याचे फोटो काढू लागले. एक जण तर फोटो नीट यावा म्हणून सोफ्यावर चढला. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघ. एंगेजमेंट!" त्यांचे डोळे पाण्याने भरले होते.

जेवणाच्या वेळी मालक मंडळी ताटांवर नव्हतीच. एक जण हात धुण्याच्या नळापाशी दुसऱ्याच्या मशीनवाल्याशी बोलत होता. एक जण मांडवाच्या मागे दुसऱ्याच्या मिस्त्रीला बुंदी वाढत होता. चांगला बॉयलरवाला कुठे मिळतो, हा या धंद्यातला वर्षानुवर्षांचा प्रश्न. आम्ही त्यांना नाव, गाव, गुण आणि नंबरासकट उत्तर पडद्यावर दाखवलं होतं, वर जेवणही दिलं होतं. आठवड्याच्या आत इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे झाली. देवाजीला साकोली रस्त्यावरच्या एका मिलवाल्याने जास्त पगारावर नेलं, आणि दुसऱ्या परीक्षेतही पहिला आलास तर हेडमिस्त्री करतो, असा शब्द दिला. मालकांचा बॉयलर थंड पडला. धानाचे ट्रक मिलसमोर हायवेपर्यंत उभे राहिले. मालक गादीवरून वरच्या मजल्याकडे बघत, आणि सर वरून खाली येणं टाळत.

पण त्याच दिवसांत एक गोष्ट झाली, जी त्या निळ्या खोलीच्या इतिहासात कधी झाली नव्हती. लोक शिकू लागले. गुणांवरून पगार वाढतो हे कळल्यावर दुपारच्या सुट्टीत हमाल तंबाखू चोळता चोळता धड्यांचे व्हिडिओ लावू लागले. रस्त्यात मला बायका थांबवून विचारायच्या, "ताई, आमच्या ह्यायले दोन सवाल नाई जमले जी, मंग दुसरी परीक्षा कवा हाय?" मला रोज फोन यायचे. काय सांगू, मी इतकी खूश होते की पगारवाढ मागायचंही विसरले.

मग मिलमालकांची बैठक झाली. मालकांच्याच गादीवर. सरांना खाली बोलावलं. ते वर आले तेव्हा तरंगत होते.

"सगळे घेताहेत," ते म्हणाले. "सगळ्या मिल! एका झटक्यात! फक्त एक छोटी अट आहे. फळा काढायचा. आणि नेलेली माणसं ज्याची त्याने परत करायची, जुन्या पगारावर."

मी म्हटलं, "सर, लोक शिकताहेत ते त्या फळ्यामुळे. तो काढला तर परत दिवाणजी गोणी घेऊन बसतील."

सर अगदी शांतपणे म्हणाले, "शिकणं हा बाय-प्रॉडक्ट आहे."

मी फळा काढायला नकार दिला. तेव्हा सरांनी माझ्याकडून पासवर्ड मागून घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून स्वतः लॅपटॉपसमोर बसले. मी तिथे होते तेवढ्या काळात प्लॅटफॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते एकमेव काम. फळा नुसता झाकताही आला असता. ते पुसायलाच गेले. पडद्यावर सूचना आली की आजवरचे सगळे निकाल कायमचे जातील, खात्री आहे का? सरांनी मला विचारलं, "इथे 'हो' दाबायचं ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी दाबलं.

त्यानंतर सर रोज मिलमालकांना फोन लावत. कोणी म्हणे पाहू, कोणी म्हणे सीझन होऊ द्या. एकाने शेवटी खरं काय ते सांगितलं. "सर, आता कोनी कोनाचा मानूस नेत नाई. मंग शिकवाचं कायले?" फळ्याची भीती होती तोवर त्यांना सरांची गरज होती. ती भीती सरांनी स्वतःच फुकटात काढून दिली होती. हे त्यांना समजायला फार दिवस लागले, आणि समजलं तेव्हा मालकांची माणसं बारदाना घेऊन जिना चढत होती.

पहिला गठ्ठा घेऊन वर आला तो देवाजी. परत पाठवलेला माणूस. सोडून गेल्याबद्दल मालकांनी त्याला बॉयलरवर घेतलं नव्हतं, हमालीला लावलं होतं. बॉयलर त्याचा मदतनीस बघत होता आणि दोनदा धान कच्चं काढून शिव्या खात होता. देवाजीने गठ्ठा 'मिशन आणि व्हिजन' लिहिलेल्या भिंतीला टेकवला, गमछ्याने तोंड पुसलं आणि सरांपुढे उभा राहिला.

"साहेब, एक विचारू का? त्या परीक्षेत मी पयला आलतो. आता मोबाइल खोलतो तं माहं नावच नाई दिसून राहिलं. माहे मार्क कुठी गेले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग म्हणाले, "ते पुण्याच्या कंपनीने काढलं. टेक्निकल इश्यू. आपल्या हातात काही नसतं रे."

देवाजीने मान हलवली. सरांचा उतरलेला चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं. "जाऊ द्या साहेब, तुमी काहून मनाले लावून घेता? पुन्यावाल्याले काय मालूम, इथं कोन काय काम करते ते." मग खोलीकडे बघत म्हणाला, "तुमचं टेबल खाली न्याचं हाय ना? तुमी नोका उचलू. मी नेतो."

आणि त्याने ते जाड लाकडी टेबल एकट्याने पाठीवर घेतलं. जिना अरुंद. मी पुढे होऊन वाट दाखवत होते, मध्ये देवाजी, वर सर. अर्ध्या जिन्यावर सर म्हणाले, "हळू रे, भिंतीला घासू नको. पॉलिश केलंय." देवाजी त्या ओझ्याखालून म्हणाला, "हाव साहेब." आणि मग मला म्हणाला, "ताई, पुन्यावाल्याचा नंबर असन तं द्या. मी बोलून पाह्यतो. साकोलीवाला मालक म्हने, आता तू हमालच हायेस तं कोनी काही म्हननार नाई, मार्काचा कागद आन, बॉयलरवर घेतो तुले."

माझं डोकं सणकलं. टेबलाखाली वाकलेला तो माणूस आणि वर पॉलिशची काळजी करणारे सर, हे दोन्ही मला एकाच वेळी बघवेना.

"देवाजीभाऊ, पुण्याचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "तुमचं नाव सरांनी पुसलं. याच खोलीत बसून, स्वतःच्या हातानं. मी होते तिथं."

देवाजी थांबला. वर सरांनी "अगं, तसं नव्हे, ती एक स्ट्रॅटेजी..." असं काहीतरी सुरू केलं. देवाजीने ते ऐकून घेतलं. मग त्याने पाठ हळूच खाली केली, टेबल जिन्यात आडवं टेकवलं, दोन्ही भिंतींमध्ये नीट बसलं आहे ना ते हलवून पाहिलं, आणि माझ्या बाजूने खाली उतरून निघून गेला. मीही खांद्यावरची पर्स सावरून त्याच्या मागे उतरले.

खाली हमालांची रांग गठ्ठे घेऊन उभी होती. वर जायला वाट नाही म्हटल्यावर त्यांनी गठ्ठे टेकवले, त्यांच्यावर बसले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागले. टेबलामागून सरांचा आवाज येत होता, "अरे, कोणीतरी या! हॅलो!" कोणी हललं नाही. दिवाणजी धावत गादीपाशी गेले.

"मालक, जवाईबापू वरतं अडकले जी! जिन्यात टेबल बसलं."

मालकांनी हातातलं धान चोळून फुंकलं, दाणा दाताखाली चावून पाहिला आणि चिंतेने दिवाणजींकडे बघितलं.

"मंग बारदाना कसा जाईन वरतं?"